उतारावरचं गाणं

ओसाकाहून वैदेहीने आणलेला जुना जपानी टर्नटेबल दिवाळीपासून चादरीखाली झाकून होता. जाताना ती बापाला दम देऊन गेली होती, "बाबा, हा शंभर व्होल्टचा आहे. आपल्या प्लगात थेट खुपसलात तर धूर निघेल, आणि मी तिकीट काढून भांडायला येईन."

श्रीनिवासरावांना घाई होती ती एका रेकॉर्डची. त्यांच्या बायकोने, प्रमोदिनीने, ती माहेरून आणली होती. तिच्यावर एक चरा होता. सुई तिथे आली की गाणं अडायचं: "दिवा लाव, दिवा लाव, दिवा लाव..." मग प्रमोदिनी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून यायची आणि बोटाच्या पेराने प्लेअरच्या स्टुलावर ठक करायची. गाणं पुढे सरकायचं. घरात सगळे ते गाणं तसंच म्हणत, ठक धरून. दूधविनायकाच्या गल्लीत बिजली गेली की शेजारीसुद्धा ओरडत, "दिवा लाव, दिवा लाव!"

जुना प्लेअर आधी गेला, श्रावणात प्रमोदिनी गेली. श्रीनिवासरावांना ती अडलेली जागा एकदा ऐकायची होती.

आज घरची वीज शंभर व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बनून आला. प्रमोदिनीची थोरली बहीण आनंदीअक्का ब्रह्मा घाटावरून नारळ आणि अक्षता घेऊन हजर झाल्या.

"नवी वस्तू आहे राव, पूजेशिवाय चालवायची नाही."

"नवी कुठली? माझ्याएवढी असेल."

"म्हणून तर पूजा हवी." अक्कांनी मूठ उचलली. श्रीनिवासराव मशीनच्या आडवे आले.

"आत तांदूळ गेला तर मोटर बसेल! ट्रान्सफॉर्मरवर टाका, त्याला काही होत नाही."

ट्रान्सफॉर्मरला कुंकू लागलं. श्रीनिवासरावांनी आधी मीटर लावून शंभरचा आकडा पाहिला, मगच टर्नटेबलची वायर जोडली. सुईचा दांडा तराजूसारखा अधांतरी तोलला, वैदेहीने सांगितलं होतं तेवढंच वजन दिलं. राहिली जमीन. घरातली दगडी फरशी धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरती. जुना प्लेअर त्याच उतारावर आयुष्यभर बसला होता. श्रीनिवासरावांनी टर्नटेबलच्या स्टुलावर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत स्टुलाच्या पायांखाली जुन्या पंचांगाचे पुठ्ठे सारले.

"लग्नाच्या घटकेलासुद्धा एवढं पाहिलं नव्हतंत," अक्का म्हणाल्या.

सुई टेकली. आवाज असा स्वच्छ, की अक्का पदर सावरून बसल्या. ती जागा आली. दोघांनी तोंड उघडलं, "दिवा लाव, दिवा लाव..."

गाणं केव्हाच पुढे निघून गेलं होतं.

दोघं तसेच राहिले. रेकॉर्ड संपली.

"अडलंच नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"नीट बसवलंत ना? भोगा आता."

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसला, परत घातला. मग मशीन बंद केली, स्टुलाखाली हात घातला आणि पंचांगाचे पुठ्ठे एकेक ओढून काढले. स्टूल मोरीकडे कललं.

"अहो राव, पडेल!"

"त्याच्या जागेवर बसेल."

स्टूल हलवून पाहिलं, पक्कं होतं. पुन्हा सुई टेकवली. चऱ्याशी आली, थबकली आणि मागे घसरली.

"दिवा लाव, दिवा लाव, दिवा लाव..."

अक्का खुदकन हसल्या. श्रीनिवासरावही हसले. गाणं तिथेच फिरत राहिलं. मग दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

कोणी आलं नाही.

"राव," अक्का हळूच म्हणाल्या, "सुई झिजेल हो."

श्रीनिवासराव उठले, आत गेले. पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा त्यांची बोटं पांढरी होती.

"पीठ कशाला?"

"त्याशिवाय ते पुढे जायचं नाही."

"बरं, पण हलक्या हाताने. जपानी आहे."

त्यांनी पेर वाकवलं आणि स्टुलावर ठक केलं.