घासून आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर 'चि. बिभीषण' असं नाव कोरलेलं आहे. माझी कडी वाकली आहे आणि मधल्या पुडाला पोचा पडला आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते वरून दिसत नाही.

पाथर्डीच्या भांड्यांच्या दुकानातून मला चांगुणाबाईंनी आणलं. त्यांचा मुलगा बिभीषण अकरावीला नगरला खोली घेऊन राहत होता. आमच्या गावाकडून तेव्हा शिकणाऱ्या मुलांना एसटीने डबे जायचे. चांगुणाबाई पहाटे मला भरायच्या आणि रोजगार हमीच्या कामावर जाता जाता सकाळच्या गाडीत ठेवायच्या. रंगनाथ कंडक्टर मला अगदी ड्रायव्हरशेजारी बसवायचे, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नका. संध्याकाळच्या गाडीने मी रिकामा परत यायचो.

सुरुवातीला मी पिठलं वाळून चिकटलेला, बोटांचे ठसे घेऊन यायचो. चांगुणाबाई लेकाच्या नावाने कुरकुर करत मला राखेने घासायच्या, पण तोंडावर हसू असायचं.

मग बिभीषणला नवे मित्र मिळाले. त्यांच्या डब्यात पोळ्या असायच्या आणि माझ्यात बाजरीची भाकरी. एकाने ती बघून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवसापासून बिभीषण मला स्टँडमागच्या शेळ्यांपुढे उपडं करू लागला. मग नळावर लख्ख घासायचा आणि परतीच्या गाडीत ठेवायचा.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. तीन भाकऱ्या माझ्यात जायच्या आणि चांगुणाबाईंना अर्धी उरायची. ती पाण्याबरोबर खाऊन त्या खडी फोडायला जायच्या. हे रोज चुलीपाशी बघूनही मी संध्याकाळी चकचकीत होऊन घरी यायचो, जणू लेकाने सगळं खाल्लं. त्या मला हातात फिरवून बघायच्या आणि चुलीपाशी ठेवायच्या. कुरकुरही करायच्या नाहीत. मला वाटायचं, खूश आहेत. जवळजवळ दोन वर्षं मी त्या माउलीशी खोटं बोललो.

पुढे बिभीषण सुप्याच्या कारखान्यात लागला आणि तिथेच त्याने संसार थाटला. मी गावी फळीवर गेलो. चांगुणाबाई आजी झाल्या. नात आरती सुट्टीला आली की त्या तिला जवळ बसवून गरम भाकरी भरवायच्या. तेव्हा मला फळीवरसुद्धा शरम वाटायची.

गेल्या वर्षी चांगुणाबाई गेल्या. दहावा झाला, पाहुणे पांगले आणि भांडी आवरताना मी बिभीषणच्या हाती लागलो. झाकणावरचं नाव वाचून तो मला घेऊन तिथेच बसला. शेजारी आरती होती. त्याने तिला सगळं सांगितलं, अगदी शेळ्यांसकट.

"लई फसवलं मी आईला," तो म्हणाला. "एकदा तरी सांगायला पाहिजे हुतं."

आरती त्याच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "पप्पा, आजीला माहीत होतं."

मागच्या सुट्टीत आजीनेच तिला सांगितलं होतं. "जेवल्यावर माझं पोरगं हात सुदीक नीट धूत न्हवतं, ते डबा कशाला घाशील? डबा घासून आला की मी समजायची, आज बी जेवलं न्हाई."

आरतीने विचारलं होतं, मग तू रोज धाडत कशाला होतीस?

"एखाद्या दिशी भूक लागली तर?" आजी म्हणाली होती.

बिभीषण मला पोटाशी धरून रडला. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी सुप्याला असतो. आरती मला कॉलेजला नेते. काल माझ्या कडांना पिठलं वाळलं होतं. आरतीची आई मला घासायला घेणार, तोच बिभीषणने मला मागून घेतलं आणि मोरीत बसून सावकाश घासलं.

मित्रांनो, डब्यातलं आवडलं नाही तर तो तसाच घरी न्या. आई रागावेल, तर रागावू द्या. मी एकदा जरी भरलेला परत गेलो असतो, तरी त्या संध्याकाळी चांगुणाबाई पोटभर जेवल्या असत्या.