रत्नदीपची खुर्ची

नवरा गेला. रत्नदीपच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रत्नाने त्याचे एक्स-रे पिशवीत घातले आणि कळंबहून मंचरची जीप धरली. रडणं नंतर. आधी भरतशेठ.

मंचरला भरतशेठची दातांची लॅब होती. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाची मापं यायची, इथे दात बनून जायचे. रत्ना मापांत प्लास्टर ओतायची, तयार दात डब्यांत भरायची. रत्नदीप मागच्या बिनखिडकीच्या खोलीत ग्राइंडरवर धातूच्या कॅप घासायचा. बारा वर्षं घासल्या. घरी यायचा तेव्हा भुवयांवर चंदेरी भुकटी असायची, थुंकी करडी पडायची. धूळ ओढणारं मशीन सत्त्याण्णव साली बिघडलं, ते शेठने काढून टाकलं. नवं आलंच नाही.

मग खोकला लागला, धाप लागली. टीबी समजून नऊ महिने गोळ्या झाल्या. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरने विचारलं, "काम काय करता?" तेव्हा कळलं, धातूची धूळ फुप्फुसात बसली होती.

रत्नदीप असतानाच रत्नाने डॉक्टरने लिहून दिलेला कागद शेठपुढे ठेवला, तर शेठ सगळ्यांदेखत म्हणाला, "बिड्या ओढून छाती जाळली, अन् आता माझ्या नावानं बोंब?"

रत्नदीपने जन्मात बिडी ओढली नव्हती. अखेरच्या महिन्यात मोरीपर्यंत जाताना तो दोनदा खाली बसायचा. रत्नाला मरणापेक्षा त्या बिड्यांचीच आग जास्त झाली.

डब्यांवर नावं घालून घालून सगळे डॉक्टर तिला पाठ होते. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर. आता एकेका दवाखान्यात जाऊन ती एक्स-रे टेबलावर ठेवायची. "तुमच्या पेशंटचे दात ज्यानं घासले, त्याची ही छाती."

काहींनी बाहेर काढलं. जुन्नरच्या डॉक्टर अश्विनीबाईंनी मात्र फिल्म खिडकीपाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. त्यांनी लॅबला काम देणं बंद केलं, बाकीच्यांना फोन केले, आणि रत्नाला सरकारी कारखाना निरीक्षकाकडे तक्रारीचा अर्ज लिहून दिला. रत्ना त्या अर्जामागे सात महिने लागली.

पाहणीला निरीक्षक साहेब आले त्या दिवशी ती लॅबच्या दारात उभी होती.

"साहेब, या धुळीनं काय व्हत न्हाई," भरतशेठ हसत म्हणाला. "ही बाई उगं सूड धरून बसलीय."

"धरलाय," रत्ना म्हणाली. "शेठ, काय व्हत न्हाई तर बसा की त्याच्या खुर्चीवर. दार लावा अन् दहाच कॅप घासा."

साहेबांनी नुसतं शेठकडे पाहिलं. कामावरचे भागू आणि अंजनाही हात थांबवून पाहू लागले. शेठचा नाइलाज झाला. तो बसला, त्याने ग्राइंडर चालू केला. पहिली ठिणगी उडताच त्याचा हात खिशाकडे गेला. रुमाल निघाला आणि नाकातोंडावर बांधला गेला.

"रुमाल काढा, शेठ. माझ्या मालकाला कधी दिला व्हता का?"

त्याने काढला नाही. भागूने हातातली कॅप टेबलावर ठेवली.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं," भागू म्हणाला. शेठने ग्राइंडर बंद केला.

ती खोली त्याच आठवड्यात बंद झाली आणि दिवाळीच्या आत लॅबही. कामगारांची तपासणी झाली, तीत भागूच्या छातीत डाग निघाले, अंजनाची छाती स्वच्छ निघाली. रत्नाने शेठवर पुण्याच्या कोर्टात केस घातली. एकदा शेठची बायको द्रौपदाबाई कळंबला आली. "ह्यांना झोप न्हाई गं. आता तरी केस मागं घे."

रत्नाने तिला पाणी दिलं, पाट दिला.

"बाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण त्यांनी चौकात उभं ऱ्हाऊन सांगावं, रत्नदीप बिडी वढत नव्हता. मग बघू."

द्रौपदाबाई पाणी पिऊन उठली. तसं काही होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढल्या तारखेला रत्ना भागूला घेऊन सकाळच्या एसटीने पुण्याला गेली. कोर्टात तिने मुद्दाम भरतशेठच्या समोरचंच बाकडं धरलं, आणि तो मान वर करीपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.