तव्यावरची भाकर

मेघाने भाविकाची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड मोबाइलकडे वळवलं. पोरीने झटक्यात मान सोडवून घेतली.

"भावी, इकडे देख! माऊ कशी करस? म्यांव!" सुरतेहून नवल ओरडत होता. माऊ झाली, कुत्रा झाला, मग डोक्यावर टोपलं ठेवून तो नाचलाही. रात्रभर कापड गिरणीत लूमवर उभा राहून आलेला नवरा पोरीसाठी अशा उड्या मारतो, हे बघून मेघाला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. भाविकाने टोपल्याकडे पाहिलं न पाहिलं, आणि ओसरीवर पळाली.

"गई?" नवलने विचारलं.

"गई."

"तू दिनभर तिले मनं नाव तरी सांगस का? आखाजीना सनले मी येसू, तवय ती माले वळखी का?"

"रोज सांगस. धाकली शे ती आजून."

तीन वर्षांच्या पोरीला एका जागी बघत बस म्हणून कितीही बजावा, ऐकतंय कोण! सासूबाई, वच्छलाबाई, म्हणायच्या, "पोरनं ध्यान चिडीगत ऱ्हास. आठे बसनं, तठे उडनं." अंगणवाडीच्या ताईंचं म्हणणं, ते वयाबरोबर हळूहळू वाढतं, लेकरू आपणहून कशात रमलं तर मध्ये हाकसुद्धा मारू नये. दोघींचंही खरं होतं. पण सणापुरता घरी येणाऱ्या बापाला 'हळूहळू' कसं सांगायचं? मेघाला काही सुचत नव्हतं.

"राहू दे," नवल म्हणाला. "खोलीवर सैपाकनी पाळी मनी शे आज."

फोन न कापता त्याने मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवला आणि परात पुढे ओढली. मेघानेही आपला मोबाइल भिंतीला उभा केला आणि भाजी निवडायला घेतली. आता तो बोलत नव्हता. पीठ मळून, गोळा घेऊन त्याने भाकर थापायला सुरुवात केली.

थापण्याचा आवाज ऐकून भाविका आत आली. मोबाइलच्या बाजूला, भिंतीला खेटून, ती उकिडवी बसली आणि मान तिरकी करून बघू लागली. घरात रोज भाकरी होत होत्या, पण पप्पाला भाकर थापताना तिने कधी पाहिलं नव्हतं. परातीत भाकर फिरत गेली, मोठी होत गेली. भाविका मांडीवर हळूच हात थापू लागली. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल थांबली, तरी तिने वळून पाहिलं नाही.

मेघाच्या हातातली भाजी तशीच राहिली. नवलला ओरडून सांगावं, देखा, तुमनी पोर आठे बसेल शे! पण भाविका ज्या कोपऱ्यात बसली होती, तो त्याच्या पडद्यावर दिसतच नव्हता. बोललं तर पोर उठेल, मोबाइल हलवला तरी उठेल. इकडे आड, तिकडे विहीर. नवल आपणच बोलेल, निदान पोरीला हाक मारेल, म्हणून मेघा वाट बघत राहिली.

नवलने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि पडद्याकडे पाहिलं. त्याला समोर एकटी मेघाच दिसली असणार, पोर नाही. त्याचा चेहरा पडला.

"अहो..." मेघा म्हणेपर्यंत त्याचं ओलं बोट पुढे आलं आणि फोन कापला गेला.

तिने लगेच उलट लावला. रिंग वाजत राहिली, मग बंद झाली. पुन्हा लावणार तोच त्याचा मेसेज आला. 'आता रोज फोन लावू नको. पोरले उगा तरास.' तिने पुन्हा लावला, तर मोबाइल बंद.

मेघाने मोबाइल पुन्हा भिंतीला टेकवला. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. आता तो संध्याकाळपर्यंत झोपणार, आणि हे मनात घेऊनच झोपणार.

भाविका अजून जागची हलली नव्हती. तिने काळ्या पडद्यावर बोट टेकवलं आणि घाबऱ्याघाबऱ्या आईकडे पाहिलं.

"मम्मी, पप्पानी भाकर जळी जाई ना!"