गजर होडी बाहेर गेल्यावर

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. पण माझ्यातून माणसं कधी चालत गेली नाहीत. माझ्यातून होड्या जात. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या खाडीकाठी एक नवी वसाहत उभी राहत होती. तिच्या मधोमध तळं, तळ्यापासून खाडीपर्यंत कालवा, आणि कालव्याच्या तोंडाशी एक हौद. त्याला सगळे 'लॉक' म्हणत. तळ्याचं पाणी वर, खाडीचं खाली. हौदाच्या तळ्याकडच्या बाजूला माझा भाऊ, खाडीकडे मी. होडी हौदात शिरली की भाऊ मिटायचा. मग माझ्या पोटाशी पाण्याखाली असलेली खिडकी हळूहळू उघडायची. हौदातलं पाणी खाडीत उतरे, होडी त्याच्याबरोबर खाली येई, आणि दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की मी उघडायचो. त्याआधी कितीही माणसांनी ढकललं तरी मी हलत नसे.

माझा जन्म दुबईतल्या जबल अलीच्या एका वर्कशॉपमधला. इथे बसवलं त्या दिवसापासून मला स्वस्थता ठाऊक नाही. पाणी सारखं पाठीला रेटायचं. बाहेरून मी निमूट उभा, आतून मात्र एकच घाई, कधी एकदा उघडतो.

खिडकी उघडायचं चाक भिकाजीच्या हातात असे. भिकाजी देवगडकडचा. चाक सावकाश फिरव, असं त्याला सांगितलं होतं. सावकाश म्हणजे किती, हे त्याने गावच्या भजनावरून ठरवलं. 'जय जय रामकृष्ण हरी' संथ लयीत म्हणायचं आणि दर समेला चाक थोडंसं फिरवायचं. लहानपणापासून कीर्तनात बसलेल्या माणसाला याहून चांगलं घड्याळ कुठलं? मी लोखंडाचा, पण त्या नामाने माझीही तगमग निवायची.

पण भजनाच्या शेवटी गजर असतो. लय चढते, टाळ दुप्पट वाजू लागतात, माणूस भान विसरतो. एका गोकुळाष्टमीला तसंच झालं. हौदात लियाकतची होडी होती. लियाकत कराचीचा; तळ्यातल्या बेटांवर कामगार आणि बागेची रोपं पोचवायचा. इकडे भिकाजीचा गजर चढला आणि चाक गरगर फिरलं. पाणी झपाट्याने उतरलं. होडीचा काठाला बांधलेला दोर सैल सोडायला लियाकतला सवड मिळाली नाही. होडी एका अंगाने दोरावर लटकली, सुटली आणि भिंतीवर आदळली. एक फळी फुटली.

"भिकाजी," लियाकत ओला सदरा पिळत म्हणाला, "तेरे भगवान को फ्लाइट पकडनी थी क्या?"

सगळे हसले. भिकाजी हसला नाही. त्या दिवसापासून तो चाकाशी मुका झाला, आणि त्याच्या हातात चाक अडखळू लागलं.

मग मंदीचं ते साल आलं. क्रेन होत्या तिथेच माना उंचावून थांबल्या. कंपनीच्या बस येईनाशा झाल्या. "प्रोजेक्ट खलास," एवढंच जो तो म्हणे. कालव्याचं तोंड वाळूने बुजवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होते, आणि लियाकतची होडी अजून तळ्यात होती. ती आत अडकली की त्याची रोजीरोटी संपली.

दुपारी होडी हौदात आली. साइट इंजिनियर उर्मिलाताई हजर होत्या. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या शारजाच्या आपल्या फ्लॅटमध्ये कीर्तन करत. भिकाजी त्यांना साइटवर मॅडम म्हणे आणि कीर्तनात ताई.

"मॅडम, चाक तुम्हीच फिरवा," तो म्हणाला. "माझ्या हाताचो माकाच भरवसो नाय."

"आणि माझे हात अर्ध्यावर गळले म्हणजे? चाक तुझंच, भिकाजी."

लियाकतने दोर हातात घेतला. "यल्ला, चलो भाई. मगर आहिस्ता. ये टूटी तो दूसरी नहीं है."

उर्मिलाताईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, चाकाशेजारी बसून मांडीवर उपडं ठेवलं आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. "हं, म्हण."

कितीतरी दिवसांनी भिकाजीने नाम घेतलं. समेला चाक फिरे, समेला लियाकत दोर सोडी. पाणी उतरत होतं. अर्ध्यावर भिकाजीचा आवाज चढला. मीही बिजागऱ्यांत थरथरू लागलो. मलाही तो गजर हवा होता, मित्रांनो. मलाही लवकर सुटायचं होतं.

"ताई, गजर येता..."

"आत्ता नाही. गजर होडी बाहेर गेल्यावर." ठेका तसूभरही वाढला नाही. "देवाला कुठली फ्लाइट पकडायची नाहीये. संथ."

खालून लियाकत खो खो हसला. भिकाजीही हसला, आणि त्याचा हात पुन्हा लयीवर आला.

पाणी सारखं झालं. भिकाजीने खांदा लावला आणि मी हलकेच उघडलो. होडी मला न घासता बाहेर पडली. आता गजराला मोकळीक होती. पण भिकाजीने गजर धरला नाही. दोन दिवसांनी तोही गावी परतणार होता. तो चाकाला टेकून बसून राहिला.

तेवढ्यात खाडीतून आवाज आला. लियाकत गोकुळाष्टमीला फुटलेल्या, आता दुरुस्त केलेल्या फळीवर दोन्ही तळव्यांनी ठेका देत होता. गजराच्या दुप्पट लयीत.

सकाळी ट्रक आले. आता दोन्ही अंगांना वाळू आहे. पाठीला काहीच रेटत नाही, तरी मला स्वस्थता नाही. ते चाक पुन्हा फिरावंसं वाटतं. मित्रांनो, काम थांबलेलं एखादं चाक कुठे दिसलं, तर त्याला थोडं तेल घाला. आणि घाईघाईत कुणाच्या हातून चूक झाली, तर त्याच्या हातातलं चाक काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि ठेका धरा.