चौदा सेकंदांचा खासदार

मतमोजणीच्या सकाळी आठ वाजता ताईने बटण दाबलं आणि देशाला एक नवा खासदार मिळाला.

वृत्तवाहिनीत आकड्यांच्या पाट्या पडद्यावर सोडायचं काम ताईचं. बारा वर्षांत तिचा एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. आदल्या दिवशीच्या तालमीत खोटे आकडे भरावे लागत. खऱ्याशी गल्लत नको म्हणून ती दरवेळी यादीतल्या सगळ्यात शेवटच्या अपक्षाला जिंकवायची. यंदा तो मान एका घड्याळजीला मिळाला होता. नेमकी तीच पाटी पुसायची राहिली, आणि ‘विजयी’ या शब्दाखाली घड्याळजींचा चष्म्यातला चेहरा घरोघरी झळकला.

संपादकसाहेब तणतणत आले. दुरुस्ती खालच्या धावत्या पट्टीत टाका, बारीक अक्षरांत, आणि विषय मिटवा, असं त्यांनी फर्मावलं. उगाच गाजावाजा केलात तर उद्यापासून घरी बसा, हेही वर सुनावलं.

ताईने आधी घड्याळजींना फोन लावला. चार शिव्या खायची तिची तयारी होती. पण तिकडे दुकानात अख्खी गल्ली लोटली होती, चहाची दुसरी फेरी चालू होती आणि बायकोचे माहेरी फोन करून झाले होते. ताई चाचरत म्हणाली, चूक झाली, पण चारपाच सेकंदांचीच.

“चौदा,” घड्याळजी म्हणाले. “धंद्याची सवय, मोजले मी. चुकतं माणसाचं, बाई. पण आता लोक म्हणणार, आम्हीच थाप मारली. जेवढ्या मोठ्या अक्षरांत चढवलंत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत उतरवा. चौदा सेकंद.”

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली तर गेली, असं म्हणत तिने पडदाभर पाटी लावली: ‘घड्याळजी विजयी नाहीत. मोजणी चालू आहे. चूक आमची.’ साहेबांची पावलं वाजली तशी तिने ती जरा घाईनेच उतरवली.

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तो त्यांनीच उचलला, ऐकला आणि हळूच खाली ठेवला.

“तेराच झाले म्हणतो,” ते म्हणाले. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “एवढं होऊनसुद्धा हा माणूस आपलीच वाहिनी बघतोय. लावा परत. पूर्ण चौदा.”