मुठीतली ऊब

डॉक्टर प्रणिताने कळ दाबली, आणि पडद्यावर सिद्धारामअप्पांची छाती हळूहळू उजळत गेली. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, उमाबाईंना, ती धारूरच्या किल्ल्याखाली पहाटे दाटणाऱ्या धुक्यासारखी दिसली. धुक्यातून बरगड्यांच्या पायवाटा चाललेल्या. सोमवारचा उपास, त्यात बीडपर्यंतची एसटी. डोळ्यांपुढं सगळंच जरा तरंगत होतं.

मग त्या धुक्यात आपोआप एक लाल गोल उमटला.

"ह्यो कुनी काढला?" अप्पांनी नवऱ्यामुलासारखं अंग चोरत विचारलं.

"कॉम्प्युटरनं, अप्पा. पुण्याच्या लोकांनी सहा महिने वापरून बघायला दिलाय. हजारो छात्यांचे एक्स-रे दाखवून शिकवलंय त्याला. कॅन्सरची गाठ वाटली की गोल करतो."



प्रणिता पडद्याशी वाकली, आणि एकदम हसली.

"अहो, हे तर तुमचं इष्टलिंग! कापडात बांधून गळ्यात असतं ना? आमच्या आजोबांच्या एक्स-रेतही असंच दिसायचं. शिकवणाऱ्यांनी आपल्या लिंगायतांची छाती याला दाखवलीच नसणार."

"देवालाच गाठ म्हनतंय येडं!" अप्पा हसता हसता खोकले. "चला, दीडची गाडी घावंल."

उमाबाईही हसल्या. हसताना त्यांचा उजवा हात आपसूक मिटला, आणि मुठीत कुठली तरी जुनी ऊब जागी झाली.

मागच्या सोमवारची. एक्स-रेवाल्यानं गळ्यातलं सगळं काढायला लावलं, तेव्हा जन्मात देहावेगळं न केलेलं इष्टलिंग अप्पांनी चोरासारखं त्यांच्या हाती दिलं होतं.

"कुनाला बोलायचं न्हाई. शपथ घे."

त्यावर हात ठेवूनच त्यांनी शपथ घेतली होती. मग अप्पा बाहेर येईतो बाकावर बसून मुठीत धरून जप केला होता. घेतलेला नेम उमाबाईंनी आजवर एकदाही मोडला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. सदऱ्याची गुंडी लावता लावता अप्पा थांबले होते. त्यांनाही आठवलं होतं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. न्हाई.

प्रणिताने कागदावर लिहायला पेन टेकवलं.

उमाबाईंनी डोळे मिटून कुणाची तरी क्षमा मागितली. मग मूठ टेबलावर ठेवली आणि उघडली. आत काहीच नव्हतं.

"पोरी," त्या हळू म्हणाल्या, "फोटो काढला तवा ते हितं होतं."

प्रणिता तळहाताकडे बघत राहिली. मग तिने पेन बाजूला ठेवलं आणि पडद्याकडे वळली. लाल गोल तिथंच होता.

अप्पांनी सदऱ्यावरून इष्टलिंग चाचपलं. दाराशी ठेवलेली पिशवी परत आणली, आणि बायकोच्या शेजारी, तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले.