दोनदा थोपटलं की सोडायचं

पाळणाघरातल्या ताईंनी तक्रार केली ती आवाज न चढवता, पण दाराशी उभ्या असलेल्या बाकीच्या आयांना ऐकू जाईल इतपत. तुमची भिंगरी इतरांना मारते. कुणी लाडानं जवळ घेतलं, घट्ट मिठी मारली, की अंगावर फटाफट ठेवून देते. घरी असं काही बघते का, एवढं विचारून ताई दुसऱ्या पोराचं नाक पुसायला वळल्या.

घरी काय बघते हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. भिंगरीची आई ज्युदो खेळायची. सासरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली जाऊ कधीची परगावी गेली, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. शाळेपासून ती मॅटवर होती, कॉलेजात होती, लग्नानंतर होती आणि बाळंतपणातून अंग सावरताच पुन्हा हजर. आता मुलींचा वर्गही तीच घ्यायची. हॉलची किल्ली तिच्याकडे असे, आणि भिंगरी त्या मॅटच्या कडेला आधी रांगत, मग धडपडत वाढली होती.

सासूबाईंनी कुठेसं वाचलं होतं, की मारामारीच्या खेळांनी मेंदूची ठेवणच बदलते. आईचं डोकं तापट झालं की ते लेकराच्या अंगात उतरणारच, हे त्यांनी पुढचं स्वतःचं घातलं. नवरा तसा भांडखोर नव्हता. पोर मोठी होईपर्यंत थांबलीस तर काय बिघडेल, असं त्यानं विचारलं आणि उत्तर यायच्या आत मोबाईलमध्ये डोकं खुपसलं.

धाकटीनं वरवर उडवून लावलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. दूध उतू गेलं तेव्हा आपण भांडं किती जोरात आपटलं? भिंगरीनं बूट फेकला तेव्हा दंडाला धरलं, ते जरा जास्तच घट्ट तर नव्हतं? विद्यापीठाच्या इस्पितळात अशा खेळाडूंच्या मेंदूचा अभ्यास चालला होता. तिनं आपण होऊन नाव दिलं. काय असेल ते एकदाचं कळू दे.

बोगद्यासारख्या यंत्रात ती निपचित पडली. भोवती धडाधड ठोके पडत होते आणि डोळ्यांपुढच्या पडद्यावर एक चिडवणारा खेळ चालला होता: कुणी न दिसणारा गडी तिचे गुण पळवायचा, मिळवले की पुन्हा पळवायचा. ती चिडली. चांगलीच चिडली. पण हलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून हलली नाही.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला मेंदूचं चित्र दाखवलं. हा बदामाएवढा भाग, राग आणि भीती यांच्याशी याचा संबंध. खेळणाऱ्यांच्या गटात सरासरी थोडा फरक असावा असं वाटतंय. पण तो खेळानं पडतो, की मुळात तशीच माणसं या खेळाकडे वळतात, ते अजून कळलेलं नाही. आणि एकट्यादुकट्याच्या चित्रावरून तर काहीच सांगता येत नाही.

"म्हणजे मी ठीक आहे?" धाकटीनं विचारलं.

"तेही हे चित्र सांगत नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाईंना काळजी पडली, की बदाम खाल्ल्यानं तो भाग वाढतो की काय. नवऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, काळजीचं कारण नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. स्वतःवर पहारा ठेवून ठेवून धाकटी दमली होती. रविवारी किल्ली परत करून येते, असं तीच म्हणाली. त्यानं सोडलेला सुटकेचा निःश्वास तिला ऐकू आला.

रविवारी भिंगरीचा कान दुखायला लागला. औषधाचे थेंब घालण्याची सासूबाईंची रीत ठरलेली: पोर मांडीवर आडवी, दोन्ही हात एका हातात, डोकं कोपराखाली दाबलेलं. धाकटी बाजूलाच किल्ली पिशवीत टाकत होती. भिंगरी रडली, वळवळली, तिनं एक हात सोडवला आणि आजीच्या दंडावर थप थप केलं. थांबली. पुन्हा थप थप.

"पाहिलंस? आता आजीवरही हात उगारायला लागली."

धाकटीनं पाहिलं. तळवा सपाट होता. मूठ नव्हती, नखं नव्हती. दोनदा, मग वाट बघायची, मग पुन्हा दोनदा. हॉलमध्ये दिवसभर दुसरं काय चालायचं? पकडीत सापडलं, श्वास कोंडला, सांध्यावर ताण आला, की सपाट हातानं दोनदा थोपटायचं. आणि वरच्यानं सोडायचं. लगेच. का, कशाला, काही विचारायचं नाही. पाडायला शिकवण्याआधी नव्या पोरींना ती हेच शिकवायची. भिंगरीला कुणीच शिकवलं नव्हतं. तिनं कडेला बसून उचललं होतं. आणि घरी हे कसं दिसलं नाही? कारण आईचे हात तिच्या थोपटण्यासरशी आपोआप उघडत होते, डोक्याला पत्ता लागायच्या आत. सगळं जग असंच सोडतं, असं त्या पोरीला वाटत होतं.

"आई, सोडा तिला."

"अगं, थेंब राहिलेत अजून."

"घालू. आधी सोडा. ती मारत नाहीये, सोडा म्हणतेय."

आवाज असा होता की सासूबाईंचे हात सुटले. भिंगरी थेट टेबलाखाली. थेंब शेवटी तिथे आडवं होऊन घालावे लागले आणि निम्मे गालावर गेले.

नवऱ्याचं म्हणणं पडलं, की हे धाकटी आता आपल्या सोयीनं जुळवते आहे. तेव्हा मात्र तिचं डोकं भडकलं. तो बदाम असेल तिथे असो आणि असेल एवढा असो.

"चष्मा काढ," ती म्हणाली. "धरू?"

"धर की," तो हसत म्हणाला आणि पुढच्या क्षणी सतरंजीवर उताणा होता. तो आधी हसला, मग जोर लावला, मग लालबुंद झाला. सासूबाई म्हणाल्या, अगं, एकुलता नसला तरी मुलगा आहे माझा. शेवटी त्यानं थोपटलं. दुसरी थाप पुरती वाजायच्या आत तिची पकड सुटली होती.

"राग आहे माझ्यात," ती म्हणाली. "पुष्कळ आहे. आत्ता, या क्षणी आहे. तरी सोडलं ना?"

तो खांदा चोळत छताकडे बघत राहिला.

किल्ली पिशवीतच राहिली, पण परत करायला नव्हे. हॉलवर मुली वाट बघत होत्या. उद्या पाळणाघरात जाऊन ताईंना दोन थापांचा अर्थ सांगायचा, हसल्या तर हसू देत, हेही तिनं जोडे घालता घालता सांगून टाकलं. भिंगरी कडेवर होती. सासूबाई कानटोपी घेऊन मागोमाग आल्या आणि नातीच्या हनुवटीखाली बंद आवळू लागल्या. भिंगरीनं तळवा उचलला. सासूबाईंनी हात मागे घेतले.

"आता हिला टोपीसुद्धा विचारून घालायची का?"

"हो," धाकटी म्हणाली आणि जिना उतरू लागली.